सुरीच्या मुठीसाठी लाकूड की सिंथेटिक?

सुरीच्या मुठींवरच्या लेखात 'लाकूड दिसायला छान, पण टिकाऊ हवं तर सिंथेटिकच' असं सरसकट म्हटलंय, ते तितकंसं पटलं नाही. कुठलं लाकूड आणि कुठलं सिंथेटिक, ते आधी बघायला हवं.

लाकूड ओलाव्याने फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, तेही तंतूंच्या रेषेला आडव्या दिशेने जास्त. पात्याचं पोलाद त्या मानाने हलतच नाही. म्हणून रिव्हेटपाशी, म्हणजे मूठ पात्याला जोडणाऱ्या खिळ्यापाशी, फट पडते, तिथे पाणी शिरतं आणि आतून गंज धरतो. पण निर्वात दाबाखाली राळ मुरवलेलं, म्हणजे स्टॅबिलाइज्ड लाकूड घेतलं तर हा त्रास खूपच कमी होतो. साध्या लाकडाला अधूनमधून जवसाचं तेल चोळावं. ते सुकून घट्ट होतं. शेंगदाण्याचं किंवा खोबरेल तेल मात्र नको, ती सुकत नाहीत, चिकट राहून खवट होतात.

सिंथेटिकमध्ये मला मायकार्टा आवडतो. कापडाचे थर फिनॉलिक राळेत दाबून बनवलेला. फार चकचकीत पॉलिश केला नाही तर ओल्या हातातही पकड सुटत नाही. जी-१० म्हणजे काचतंतू आणि इपॉक्सी, प्रचंड मजबूत, पण घरी घासून आकार देणार असाल तर मास्क हवाच, ती धूळ फुप्फुसांना वाईट. (लाकडाची धूळही काही निरुपद्रवी नसते म्हणा.)

सुरी डिशवॉशरमध्ये टाकणाऱ्यांनी लाकडाच्या वाटेला जाऊच नये. बाकीच्यांनी मूठ आधी हातात धरून बघावी. आकार चुकला असेल तर साहित्य कितीही भारी असो, तासाभरात तळहात दुखतो.