बंतु म्हणजे बंद

आमच्या बेळगावच्या वडगावात करंट मराठी आणि कन्नड अशा दोन भाषांत जातो-येतो. गेला की शेजारची अज्जी खिडकीतून ओरडते, "करंट होतु!" आम्हाला ऐकू येतं 'होता'. म्हणजे आता नाही, अर्थ तोच. परत आला की "बंतु!" कोल्हापूरहून लग्न होऊन आलेली बायको पहिलं वर्षभर ते 'बंद' ऐकायची आणि भर उजेडात मेणबत्ती शोधायची.

करंट गेल्याचं मला दुःख नाही. तो घरात असताना काय करतो, त्याचा घोर आहे. हिशेबानं 230 व्होल्ट यायला हवेत. पण गल्लीत यंत्रमागांची खडखड सुरू झाली की ट्यूब डोळे मिचकावते, पंख्याची पाती मोजता येतात. सणाला माग थांबले की तोच पंखा छत घेऊन उडायला बघतो. फ्रीजमागे वडिलांच्या काळातला स्टॅबिलायझर आहे. लोखंडी डबा, वर काट्याचं मीटर. व्होल्टेज हललं की आतून 'टक'. रात्री बराच वेळ टक झालं नाही तर आई दचकून उठते. फ्रीजवाला म्हणतो, व्होल्टेज कमी पडलं की कॉम्प्रेसर उठत नाही, नुसता तापतो. (आमचे थोरले चिरंजीवही तसेच, पण त्यांना स्टॅबिलायझर मिळत नाही.)

टीव्हीला मात्र मी ऐटीत स्पाइकगार्ड आणला होता. लाल दिवा, चार भोकं, मन निवांत.

वळवाच्या पहिल्या पावसात फांदी तारेवर पडली. देवघरातला झीरोचा बल्ब एकदम हॅलोजनच्या तोऱ्यात पेटला. स्टॅबिलायझरनं एकच 'टक' केलं, फ्रीज तोडला आणि गप्प बसला. टीव्ही 'फट्' म्हणाला. मग तो वास. अज्जीकडे तेव्हा बल्बची नुसती तार लालसर दिसत होती.

"न्यूट्रल तुटलाय ओ काका, करंट परत न्यायची तार," वायरमन म्हणाला. "तुमची फेज, म्हणजे करंट आणणारी तार, वेगळी, अज्जीची वेगळी. दोन फेजच्या मध्ये चारशे व्होल्ट असतंय, ते आता दोन घरांत वाटलं जातंय. ज्याच्याकडं लोड कमी, त्याच्या वाट्याला जास्त येतंय की."

अज्जीकडे गिझर आणि इस्त्री एकदम चालू. आमच्याकडे बिल वाचावं म्हणून मी स्वतः फिरून सगळी बटणं बंद केलेली. बायकोनं माझ्याकडे फक्त बघितलं.

"आणि ते स्पाइकगार्ड?"

"ते क्षणभराच्या झटक्याला ओ. हा पाहुणा मुक्कामाला आलेला."

आता मीटरशेजारी आकडे दाखवणारं कटऑफ बसवलंय. व्होल्टेज फार चढलं-उतरलं की तोडतं, आणि नीट झालं तरी 3 मिनिटं थांबून मगच जोडतं. टीव्ही दुरुस्तीला गेल्यामुळे संध्याकाळी सगळं घर त्याच्यासमोर बसतं. 247 दिसलं की आई म्हणते, "चढलं बघ!" 198 ला चिरंजीव जांभई देतात.

अज्जीची "बंतु!" आली की बायको अजूनही कटऑफवर विश्वास न ठेवता धावत जाते आणि एकेक बटण बंद करते. मीही आता मेणबत्ती जवळच ठेवतो.