गेममधल्या नावाला अनुप्रास हवाच, पण आपल्या कानाचा

ऑनलाइन गेममध्ये रेड म्हणजे सगळ्यांनी मिळून मोठ्या राक्षसाशी, बॉसशी लढायचं. आमच्या रेडच्या ग्रुपमध्ये यंदा बरेच नवे पोट्टे आलेत. कोणी वाडीचा, कोणी मानेवाड्याचा, बहुतेक इंजिनिअरिंगचे. खेळतात मस्त, मेकॅनिक्स, म्हणजे बॉसच्या चाली, पाठ करून येतात. नावं मात्र सगळ्यांची एकाच साच्यातली : शॅडो स्लेयर, डार्क डिस्ट्रॉयर, डेथ डीलर. त्यातलं नाव सर्व्हरवर आधीच कोणीतरी घेतलेलं असतं, मग शॅडोला आणखी एक डब्ल्यू जोडायचा नाहीतर स्लेयरला एक आर वाढवायचा.

अनुप्रास हवा हे त्यांना कोणी न शिकवता कळलंय, याचं मला खरंच कौतुक वाटतं. ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये कॅरेक्टरचं नाव ठेवायची याहून चांगली रीत मला माहीत नाही. फक्त तो अनुप्रास उसना का घ्यायचा? मराठी कानाला जो नाद कळतो, तो जगातल्या कुठल्याही सर्व्हरवर उठून दिसतो, असं माझं ठाम मत आहे.

आधी हे सांगते की अनुप्रास चालतो का. फायनल फँटसी १४ या गेममध्ये साधी रेड आठ जणांची असते. बॉसने मोठा फटका मारला की हीलरसमोर, म्हणजे बाकीच्यांच्या जखमा भरणाऱ्यासमोर, पार्टी लिस्टमध्ये आठ नावं असतात आणि हेडफोनमध्ये कोणीतरी ओरडत असतं, "शॅडोला हील दे!" आता शॅडो दोन असले तर एक मरतोच. तिथे नाव वाचायला वेळ नसतो, ते डोळ्याच्या आधी कानाने ओळखावं लागतं. एकच आवाज दोनदा आला की ते लगेच डोक्यात बसतं.

कॉमिक्सवाले स्टॅन ली हेच सांगायचे : पीटर पार्कर, ब्रूस बॅनर, रीड रिचर्ड्स अशी नावं ठेवली की अर्धं आठवलं तरी उरलेलं आपोआप आठवतं. गंमत म्हणजे १९६० च्या दशकात त्यांच्याच हातून ब्रूस बॅनरचा एकदा बॉब बॅनर झाला. मग सारवासारव करून त्याचं पूर्ण नाव रॉबर्ट ब्रूस बॅनर ठरवलं गेलं. म्हणजे माणूस नाव विसरला, पण 'ब' काही विसरला नाही. अनुप्रासाच्या ताकदीचा याहून चांगला पुरावा मला सापडलेला नाही.

रोल-प्लेवर जीव टाकणारे काही जण म्हणतात की अशी नावं कार्टूनची वाटतात, खऱ्या माणसाची नाही. हे म्हणणं मला अजिबात पटत नाही, आणि नागपूरच्या माणसाने तर ते म्हणूच नये. १७०२ मध्ये ज्याने हे शहर वसवलं त्या देवगडच्या गोंड राजाचं नाव बख्त बुलंद. पेशव्यांत बाळाजी बाजीराव झाले, हिंदकेसरींत मारुती माने. यातलं एकही नाव ऐकून कोणाला हसू येत नाही, उलट छाती भरून येते.

शिवाय अक्षर धरून नाव ठेवणं आपल्या घरात नवं आहे का? बारशाला नक्षत्राचा चरण बघून आद्याक्षर काढतातच. हस्त नक्षत्राची अक्षरं पू, ष, ण, ठ. 'ण' निघाला की घरचे हवालदिल होतात, आत्या दुसरंच काहीतरी सुचवते. ज्या समाजात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, त्याला आद्याक्षराचं वेड परकं नाही.

आता खरी अडचण. गेममध्ये नाव रोमन लिपीत टाकावं लागतं आणि तिथे आपली अर्धी वर्णमाला एकमेकींत मिसळते. 'टणक तात्या' स्क्रीनवर टी-टी दिसतो, पण कानाला ट आणि त वेगळे लागतात. उलटही होतं. 'विक्राळ वाघोबा' ऐकायला झकास, पण विक्राळ व्हीने आणि वाघोबा सवयीने डब्ल्यूने लिहिला की स्क्रीनवर जोडी फुटते. दोन्हीकडे एकच अक्षर ठेवा. 'च'चंही तसंच. 'चोर चंद्रसेन' कागदावर बरोबर आहे, पण चोरातला च आणि चंद्रातला च एक नाहीत. 'चोरट्या चाबूकस्वार' म्हणून बघा, फरक लगेच कळेल.

महाप्राण अक्षरं, म्हणजे भ, ध अशी रोमनमध्ये एच लागणारी, तर जागाच खातात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये नाव बारा अक्षरांत बसवावं लागतं आणि मध्ये स्पेस चालत नाही. एका पोराला आपल्या पॅलाडिन योद्ध्याचं नाव भोलाभंडारी ठेवायचं होतं. रोमनमध्ये मोजलं तर तेरा. त्याने पहिला एच काढला आणि पॅलाडिन झाला बोलाभंडारी. "ताई, भोलाचा बोला काहून झाला?" म्हणून बिचारा खरोखर कष्टी झाला होता. दोन्ही भ शाबूत ठेवून 'भोळाभीम' केलं तर नऊच अक्षरं होतात आणि वजनही राहतं. त्याने तेच घेतलं. गिल्ड वॉर्स २ मध्ये एकोणीस अक्षरं आणि स्पेसही मिळते, तिथे त्याचा भोला भंडारी सहज बसला असता.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे : अक्षर कॅरेक्टरच्या कामाला शोभलं पाहिजे. टँकला, म्हणजे सगळ्यांचे फटके अंगावर घेणाऱ्याला, ध, भ, ढ अशी छातीतून निघणारी अक्षरं द्या. 'धिप्पाड धोंडबा' म्हटलं की समोर ढाल दिसते. हीलरला म, ल. 'मायाळू मालन' हे नाव घेताना जीभ कुठे अडखळत नाही, आणि मरायला टेकलेल्या माणसाने हाक मारायची ती अशाच नावाला. विजेचे मंत्र टाकणारीला 'वादळी वैजयंता'. फायनल फँटसी १४ मधल्या लालाफेल नावाच्या ठेंगण्या जमातीत तातारू तारू, पापालिमो तोतोलिमो अशी नावं आहेत. ऐकल्याबरोबर तुरुतुरु चालणारी, गोलमटोल माणसं डोळ्यांसमोर येतात. त्या गेमवाल्यांनी नादावर इतका विचार केलाय, तर आपण डार्क डिस्ट्रॉयरवर का थांबायचं?

दोन शब्द पुरेत मात्र. 'निष्ठुर निशाचर नागराज' झालं की ते नाव राहत नाही, घोषणा होते.

आणि नावं शोधायला लांब जायची गरज नाही. आपल्या शहराचे बोर्ड वाचत फिरा. झिंगाबाई टाकळीवरून शंभरदा गेला असाल, पण 'झुंजार झिंगाबाई' ही कुऱ्हाड घेतलेली बाई कधी डोळ्यांसमोर आली का? झ रोमनमध्ये झेडने लिहिला तर चौदा अक्षरं. फायनल फँटसीत पहिलं आणि आडनाव मिळून वीसपर्यंत चालतात, आरामात बसते. तिला अजून कोणी बनवलेलं दिसलं नाही, ज्याला हवी त्याने घ्यावी.

क्रिएटचं बटण दाबण्याआधी मात्र हेडफोन लावून ते नाव "हील दे!"च्या सुरात जोरात ओरडून बघा. घरचे दचकले तरी चालेल. नंतर नाव बदलायचं तर या गेम्समध्ये पैसे मोजावे लागतात.