पाय सुजतोय आणि तुम्ही बूट आवळायला सांगताय?

गेल्या रविवारी बाबा १०० किलोमीटरची सायकल राइड संपवून आले आणि दारातच बसून बूट काढायला लागले. मोजा उतरवला तर पायावर दोन पट्ट्यांचे लालभडक वळ, मोज्याची वीणसुद्धा कातडीवर उमटलेली, आणि तिसऱ्या-चौथ्या बोटाला चिमटा काढला तरी त्यांना कळत नव्हतं. एवढे का आवळले बूट, विचारलं तर म्हणाले, अगं ग्रुपवर आलं होतं. मग सहज बोलल्यासारखं म्हणाले की निघताना आयबुप्रोफेनची गोळी पण घेतली, तेही त्यातच लिहिलं होतं. बाबा ६१ वर्षांचे आहेत, रोज बीपीची गोळी घेतात. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय, म्हणून लिहायला बसले.

मेसेज तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आलाच असेल, मला तीन ठिकाणांहून आलाय. थोडक्यात असा: उन्हाने रक्त घट्ट होऊन तळव्यात साचतं म्हणून सायकल चालवताना पायांची आग होते, त्यावर सात उपाय. बूट घट्ट आवळा म्हणजे रक्त खाली उतरणार नाही, अर्धा तास आधी पेनकिलर घ्या, दोन मोजे घाला, मिठाच्या गोळ्या खा, बूट आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवा, पायांवर गार पाणी ओता, आणि दुखलं तरी थांबू नका, नसा आपोआप तयार होतात.

आधी ते घट्ट रक्ताचं बघू. घाम गेला आणि पाणी प्यायलं नाही तर रक्तातलं पाणी कमी होतं, एवढं खरं आहे. पण चवड्याची आग त्याने होत नाही. उन्हात शरीर गार राहायला कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावते, पाय तर तासन् तास खाली लोंबलेले, मग थोडं पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपून पायात साठतं आणि पाऊल फुगतं. सकाळी सहाला नीट बसलेला बूट अकरा वाजता लहान झालेला असतो. चवड्यात पाच लांब हाडांची टोकं शेजारी शेजारी असतात आणि त्यांच्यामधून बोटांकडे नसा जातात. बाजूने बूट दाबतो, खालून पेडल दाबतं, मधे नस चेपली जाते. आधी गरम वाटतं, मग मुंग्या, मग सुई टोचल्यासारखं, मग बधिर. मिनिटाला ९० फेऱ्या धरल्या तर एका तासात एका पायाने ५,४०० वेळा पेडल दाबलेलं असतं, आणि प्रत्येक वेळी तीच जागा.

आता सांगा, अशा फुगत चाललेल्या पावलावर बूट आणखी आवळायचा? रक्त काही पट्ट्याने अडवता येत नाही, ते धमन्यांतून जोरात खाली येतंच, आवळल्याने अडतं ते परत वर जाणारं, म्हणजे सूज वाढतेच. बाबांनी मधल्या चहाच्या थांब्यावर आग वाढली म्हणून बूट आवळायचा डायल अजून दोन टिकटिक फिरवला होता. दोन टिकटिक सोडायच्या ऐवजी! हो, अगदी सैल बूटही चालत नाही, टाच वर उचलली जाते आणि फोड येतात. पण टाच धरून ठेवायची असते, चवडा नाही. बोटांकडची पट्टी सैल आणि घोट्याकडची जरा घट्ट, एवढाच त्यातला हिशोब.

पेनकिलरबद्दल मात्र मी सविस्तर लिहिणार आहे, कारण बाकीच्या मुद्द्यांनी पाय दुखेल, हिच्याने किडनी दुखावू शकते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे गोळ्या प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं कमी करतात, त्यानेच दुखणं कमी होतं. पण घाम जाऊन शरीरातलं पाणी कमी झालं की किडनीत रक्त आणणाऱ्या बारीक नळ्या उघड्या ठेवायचं काम हीच द्रव्यं करतात. म्हणजे किडनीला त्यांची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच आपण ती काढून घेतो. त्यात बीपीच्या बऱ्याच गोळ्या, टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा रामिप्रिल असल्या, किडनीतल्या त्याच रक्तदाबाशी जोडलेल्या आहेत. जोडीला लघवी वाढवणारी गोळी असेल तर या तीन गोष्टी एकत्र आल्यावर काय होतं ते डॉक्टरांना चांगलं माहिती आहे, ते पेशंटला मुद्दाम बजावून सांगतात. आणि हा मेसेज ते सगळ्यांना, वय न विचारता, आजार न विचारता, घ्या म्हणून सांगतो.

हे मी मनाने सांगत नाहीये. २०१७ मध्ये इमर्जन्सी मेडिसिन जर्नलमध्ये एक चाचणी छापून आली होती, वाळवंटांतल्या वगैरे अनेक दिवसांच्या शर्यतींमधल्या ८९ धावपटूंवर केलेली. ८० किलोमीटरच्या टप्प्यात काहींना दर चार तासांनी ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन दिलं, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, आणि कोणाला काय मिळालं ते कोणालाच सांगितलं नव्हतं. टप्प्यानंतर रक्त तपासलं तर औषधवाल्यांमध्ये ५२ टक्के लोकांच्या किडनीला तात्पुरती इजा दिसली, बाकीच्यांमध्ये ३४ टक्के. ते धावत होते, सायकलवर नव्हते, आणि माणसं कमी असल्यामुळे दोन्ही गटांतला फरक अगदी पक्का सिद्ध झाला असं म्हणता येत नाही, हे मान्य. पण गोळी न घेताच तीनातल्या एकाला इजा होत असेल तर त्या शरीरावर आणखी भार टाकायचा कशाला? आणि मिळतं काय? नस चेपलेलीच राहते, फक्त ती चेपली जातेय हे कळत नाही. बाबांना बोटं बधिर झालेली घरी येईपर्यंत कळली नाहीत, त्यात या गोळीचा हात असेल असं मला वाटतं.

बाकीचं पटकन. दोन मोज्यांनी बूट अजूनच लहान होतो, पातळ, घाम शोषून लवकर सुकणारा एकच मोजा बरा, जाड सुती नको. मिठाच्या गोळ्यांचा चवड्याशी संबंध नाही. खूप तास घाम गेला तर मीठ लागतं, पण ते पाण्याबरोबर, प्रमाणात, आणि बीपी असलेल्याने डॉक्टरांना विचारून. फ्रीजरमधला बूट थोड्याच वेळात बाहेरच्या तापमानाला येतो, त्यावर अजून काय बोलणार.

गार पाण्याचं अर्धवट खरं आहे, मान्य करावंच लागेल. बुटावर पाणी ओतलं की थोडा वेळ बरं वाटतं, मी स्वतः करते. पण पाच-दहा मिनिटांनी आग परत येते, कारण दाब तसाच असतो, आणि ओल्या कातडीला फोड लवकर येतात. म्हणून पाणी ओता, पण पट्टी सैल करून.

आणि "थांबू नका, नसा तयार होतात" हे वाचून तर मला खरंच राग आला. नस म्हणजे स्नायू नाही व्यायामाने बळकट व्हायला. सतत चेपली गेली तर तिच्याभोवती जाडसर ऊती वाढते, बहुतेक वेळा तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मधेच. थॉमस मॉर्टन नावाच्या अमेरिकन सर्जनने १८७६ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं होतं, म्हणून त्याला मॉर्टन्स न्यूरोमा म्हणतात. एकदा ते झालं की बूट बदलून भागेलच असं नाही, कधी इंजेक्शन, कधी ऑपरेशन. शुगर असलेल्यांना तर बऱ्याचदा आधीच पायाची जाणीव कमी असते, त्यांनी हा सल्ला मानला तर जखम झालेलीसुद्धा कळायची नाही.

मग करायचं काय? आग सुरू झाली की लगेच पट्टी सैल करा, असह्य होईपर्यंत वाट बघू नका. गिअर हलका करून पाय थोडे जास्त वेगाने फिरवा म्हणजे प्रत्येक वेळी पडणारा दाब कमी होतो. बुटात बोटं हलवत राहा, अधूनमधून उतरून चार पावलं चाला. नवे बूट घ्यायचे तर संध्याकाळी, पाय फुगलेले असताना, आणि लांबीपेक्षा चवड्याची रुंदी बघा. सोल वाकणारा असेल तर क्लीटचा, म्हणजे बूट पेडलला अडकवायला तळाशी स्क्रूने बसवलेल्या तुकड्याचा, दाब नेमका एका ठिकाणी टोचतो, आतला इनसोल काढून बोट फिरवून बघा, कधी स्क्रूचं डोकंच वर आलेलं असतं. राइड संपून दोन-तीन दिवस झाले तरी बधिरपणा गेला नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

काल रात्री बाबांच्या बुटांच्या क्लीट्स मी मागे सरकवल्या. आधी पेनाने जुन्या जागेची रेघ मारून घेतली, मग तीन मिलिमीटर टाचेकडे, दोन्ही सारख्या, म्हणजे पेडलचा दांडा चवड्याच्या ऐन टोकाखाली न येता जरा मागे येतो. उजव्या बुटाचा एक स्क्रू खरंच आत टोचत होता. बोटांची बधिरी आज सकाळी बऱ्यापैकी गेलीय म्हणाले. क्रिएटिनिनची, म्हणजे किडनी नीट चालतेय का ते बघायची रक्ततपासणी, उद्या करून घेतोय.