प्रतिक्रियेला उत्तर: रोमन बिरुदं म्हणजे नुसती फुशारकी?

नमस्कार,

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचा आक्षेप असा, की बड्या रोमन सेनापतींनी मुलूख जिंकून स्वतःला बिरुदं चिकटवून घेतली, बाकीच्यांनी मुकाट माना डोलावल्या, आणि मी त्यांचं उगाच कौतुक केलं. त्यात फुशारकी भरपूर होती, हे मान्य. ‘मुकाट’ मात्र मला अजिबात पटत नाही.

तुम्ही दिलेलं पाँपीचंच उदाहरण घेऊ. आफ्रिकेची मोहीम फत्ते करून तो परतला तेव्हा जेमतेम पंचविशीचा होता. चरित्रकार प्लुटार्क सांगतो, रोमचा तेव्हाचा हुकूमशहा सुला याने त्याला मोठ्याने ‘मॅग्नस’, म्हणजे थोर, अशी हाक मारली आणि बरोबरच्यांनाही तसंच म्हणायला लावलं. पाँपीने स्वतः ते नाव लावलं सगळ्यांच्या मागून, स्पेनच्या स्वारीवर गेल्यावर.

आणि लोक गप्प बसले? इ.स.पू. ५९ मध्ये, पाँपी आणि सीझर यांचा दबदबा ऐन भरात असताना, अपोलोच्या उत्सवात नाटक चालू होतं. डिफिलुस नावाच्या नटाने त्यातली एक ओळ म्हटली: ‘आमच्या दैन्यामुळे तू थोर.’ रोख ‘मॅग्नस’ पाँपीवर आहे हे प्रेक्षकांनी लगेच ओळखलं आणि ती ओळ त्याला पुन्हा पुन्हा म्हणायला लावली! रोमन वक्ता सिसेरोने ही हकिकत आपला मित्र अ‍ॅटिकस याला पत्रातून कळवली आहे. दिलेलं बिरुद लोक असं भर नाट्यगृहात देणाऱ्या-घेणाऱ्याच्या तोंडावर फेकू शकत होते, म्हणून मला त्याचं मोल वाटतं.

शिवाय प्रत्येक बिरुदामागे लढाई नसे. सेनापती मेटेलुस नुमिडिकुस हद्दपार झाला, तेव्हा त्याला परत आणा म्हणून त्याच्या मुलाने इतकी मनधरणी केली की लोक त्याला ‘पिउस’, कर्तव्यनिष्ठ, म्हणू लागले. बापाचं बिरुद उत्तर आफ्रिकेतल्या नुमिडियाच्या युद्धातलं, मुलाचं बापावरच्या मायेतलं. मला मुलाचं अधिक मोठं वाटतं.

तुमचा आक्षेप खरा लागू पडतो तो सम्राटांच्या काळाला. सम्राट डोमिशियनने ‘जर्मानिकुस’, म्हणजे जर्मनांचा विजेता, हे बिरुद घेतलं, तेवढ्याने समाधान झालं नाही म्हणून सप्टेंबर महिन्यालाही तेच नाव दिलं आणि ऑक्टोबरला स्वतःचं. तिथे विरोध करायची सोय उरली नव्हती. इ.स. ९६ मध्ये त्याचा खून झाला, तेव्हा कुठे दोन्ही महिन्यांना जुनी नावं परत मिळाली.