स्निकर्सच्या कागदाने डायनासोर सुटतो म्हणे!

चॉकलेटचा कागद. स्निकर्सचा. 'जुरासिक वर्ल्ड: रीबर्थ'मध्ये अख्खी प्रयोगशाळा, तिची जाडजूड दारं, लाल दिवे, भोंगे, सगळं एका चॉकलेटच्या कागदाने झोपवलंय. काल रात्री बघितला आणि अजून डोकं ठणकतंय.

एक महाशय निर्जंतुक लॅबच्या दारात, अंगात तो पांढरा सूट वगैरे चढवून, चॉकलेट खातात. कागद खाली पडतो. मग तो तरंगायला लागतो. कॅमेरा त्याच्या मागे. हिरोला मिळत नाहीत एवढे क्लोजअप त्या कागदाला. तरंगत तरंगत तो दाराच्या यंत्रणेत ओढला जातो, सिस्टीम बोंबलते, दार उघडतं आणि आतला वेडावाकडा, जास्तीचे हात फुटलेला डायनासोर बाहेर. बस. या पायावर दोन तासांहून जास्त लांबीचा सिनेमा उभा.

अरे, आमच्या सोसायटीच्या पंपालासुद्धा जाळी आहे! वॉचमनने स्वतः बसवली, तारेने बांधून. पानं अडकतात म्हणून. इथे जगातला सर्वात भयंकर प्राणी कोंडून ठेवलाय आणि एका फिल्टरची अक्कल कोणाला नाही? बरं, यंत्रणा बिघडली तर दार बंद राहायला हवं की उघडायला हवं? एवढं तर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

१९९३ च्या पहिल्या भागातही यंत्रणा बंद पडलीच होती, नाही असं नाही. पण ती एका लोभी कॉम्प्युटरवाल्याने पैसे खाऊन मुद्दाम बंद पाडली होती. वर वादळ, भर पावसात कुंपणाची वीज गेलेली. माणसाची हाव होती त्यात. आणि डायनासोर यायच्या आधी फक्त ग्लासातलं पाणी थरथरलं होतं. गाडीच्या डॅशबोर्डखाली गिटारची तार लावून ती छेडून केलं होतं म्हणे ते. एक तार! आमच्याकडे तो १९९४ साली हिंदीत डब होऊन आला तेव्हा थिएटरात माणसं खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. आता करोडो डॉलर घाला आणि कागद तरंगवा.

आणि ते कुटुंब! लहान पोरगी घेऊन शिडाच्या बोटीने अटलांटिक ओलांडायला निघालेला बाप. बरोबर मोठी मुलगी आणि तिचा तो आळशी बॉयफ्रेंड. मूळ कथेत यांचं काही एक काम नाही. औषधासाठी समुद्रातल्या, जमिनीवरच्या आणि हवेतल्या अशा तीन अजस्र जनावरांचं रक्त काढायचंय, तेही जिवंतपणी. स्कार्लेट जोहान्सन आणि मंडळी त्यासाठी निघालीत, चांगली गोष्ट आहे, करा की मग तेवढंच! पण नाही. दर दहा मिनिटांनी आपल्याला उचलून त्या कुटुंबाकडे नेऊन बसवतात. पोरीने डायनासोरचं पिल्लू दप्तरात घातलं, ते गोड, हे गोड. खेळण्यांच्या दुकानात ते पिल्लू कुठल्या फळीवर असेल तेसुद्धा मला दिसत होतं. आमच्या सेन्सॉरने त्याच महिन्यात आलेल्या 'सुपरमॅन'मधलं ३३ सेकंदांचं चुंबन कापलं म्हणे. कात्री हातात होतीच तर तिचा सदुपयोग करायला जागा इथे होती.

नदीतला टी-रेक्सचा प्रसंग झकास आहे. ते सोडा, तो आवडला म्हणून तर आणखी राग येतो. म्हणजे येतं यांना.

आणि शेवटी काय केलं? महेर्शाला अली पेटती फ्लेअर घेऊन त्या राक्षसाला स्वतःच्या मागे पळवतो. बाकीचे वाचावेत म्हणून. खरंच छान नट आहे, घशात आवंढा आला माझ्या. दोन मिनिटांत लांबून परत फ्लेअर. जिवंत! माझा आवंढा परत द्या मग.

मी एवढा वेळ मोठमोठ्याने बोलत होतो हे मला भाच्याने सांगितलं. वर म्हणाला, "मामा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मेलेला डायनासोर चालतो तुला, आणि कागद चालत नाही?" यावर उत्तर नव्हतं. बीपीची गोळी घेऊन झालेली, उद्या सकाळी ऑफिस, आणि हा गृहस्थ रात्री साडेअकराला सोफ्यावर उभा राहून चॉकलेटच्या वेष्टनावरून टीव्हीशी भांडतोय. बायको आतून "मुलं झोपलीत" एवढंच म्हणाली. त्यात या सिनेमाने जगभरात ८० कोटी डॉलरच्या वर धंदा केलाय. तेव्हा दुनिया शहाणी आणि मी एकटा फिल्टर शोधत बसलेला.

असो. असो म्हटलं की राग जातो असं कोणी सांगितलं?

कारण हे मरण परत करायचं दुकान सगळ्यांनीच उघडलंय. 'फास्ट अँड फ्युरियस'वाले तर घाऊक व्यापारी. लेट्टी मेली, परत आली. हान गाडीच्या स्फोटात गेला, २०२१ मध्ये हसत हसत हजर. जिझेल २०१३ मध्ये विमानाला लटकलेल्या गाडीवरून पडली, तर २०२३ च्या 'फास्ट एक्स'मध्ये थेट अंटार्क्टिकावर पाणबुडीतून वर. पाणबुडीतून! त्या सिनेमाचा शेवटही नाही. नायक पोराला घेऊन धरणाच्या पायथ्याशी उभा, वरून स्फोट, आणि पडदा काळा. आम्ही तिकीट पूर्ण काढलं होतं की अर्धं? तो बिचारा अजून तिथेच उभा आहे.

आणि इथले थिएटरवाले. हॉलीवूडच्या सिनेमाला मध्यंतर नसतं, म्हणून हे स्वतःच कापतात. कुठेही. माणूस कड्यावरून उडी मारतोय, हवेत आहे, आणि दिवे लागले, समोसे घ्या. बरं, इंग्रजी शो रात्री पावणेअकराचा, संध्याकाळचे सगळे हिंदी डब, ज्यात अमेरिकन कमांडो "चल बे, कल्टी मार" म्हणतो.

'मिशन इम्पॉसिबल'चं तर बोलूच नका. १९९६ चा पहिला दोन तासांच्या आत संपला होता. टॉम क्रूझ छताला लटकलेला, आवाज करायचा नाही, चष्म्यावरून घामाचा थेंब सुटतो आणि हा तळहातावर झेलतो. कोणी एक शब्द बोलत नाही. २०२५ च्या 'फायनल रेकनिंग'मध्ये पावणेतीन तासांच्या वर लांबी आणि पहिला तासभर नुसती माणसं एका खोलीत उभी राहून कुजबुजतात. एकाचं वाक्य दुसरा पूर्ण करतो, दुसऱ्याचं तिसरा. मधूनमधून जुन्या सिनेमांच्या क्लिपा, जणू निरोप समारंभ आहे. २००६ च्या भागात ती 'रॅबिट्स फूट' नावाची वस्तू नेमकी काय हे सांगितलंच नव्हतं, गंमत त्यातच होती. नाही बघवलं यांना. एकोणीस वर्षांनी खोदून काढली आणि म्हणे ती त्या खलनायक एआयचीच मूळ भानगड! पुढे टॉम क्रूझ साठी उलटल्यावर विमानाच्या पंखाला लोंबकळतो आणि मी तोंड उघडं टाकून बघतो, ते वेगळं. पण तिथपर्यंत पोहोचायला काय काय ऐकून घ्यावं लागतं!

'इंडियाना जोन्स'मध्ये ऐंशी वर्षांच्या हॅरिसन फोर्डला कॉम्प्युटरवर तरुण केलं. चेहरा चाळिशीचा आणि आवाज आजोबांचा. 'ग्लॅडिएटर टू'मध्ये कोलोसियममध्ये पाणी भरून शार्क सोडले. शार्क! रोममध्ये ते आणले कसे, घोडागाडीतून? (भाच्या, तू गप्प बस.)

मला माणसं मेलेली बघायची हौस नाही हो. पण मरायची शक्यता तरी ठेवा! पहिल्या 'जुरासिक'मध्ये तो वकील मुलांना गाडीत टाकून पळाला, संडासात जाऊन लपला, आणि टी-रेक्सने भिंती उडवून त्याला बसल्या जागेवरून उचलला. संपला विषय. आज सकाळी चहा घेताना भाच्याला मुद्दाम मोबाईलवर तो तुकडा दाखवला, बघ म्हटलं, मरणं म्हणजे काय असतं. त्याने शांतपणे पूर्ण बघितला आणि विचारलं, "मामा, मग पुढच्या पार्टमध्ये हा येतो कसा?"