म्हणे, ‘शोरूमवाले हे कधीच सांगणार नाहीत’

आमचे मामा निवृत्त शिक्षक. जन्मभर स्कूटर चालवली, आता मुलीच्या हट्टापायी पहिली चारचाकी घेतायत. परवा कराडहून फोन आला, “अरे, गाडीचं पासिंग पुद्दुचेरीला करायचं ठरवलंय. एजंटाला पंधरा हजार देऊन टाकले.” मामांनी पुद्दुचेरी फक्त नकाशात पाहिलंय, तेही मुलांना शिकवताना.

हे सगळं एका मेसेजमुळे. तुमच्याही नात्यागोत्यातल्या ग्रुपवर तो येऊन गेला असेल. ‘नवीन गाडी घेताना दीड लाख वाचवा, शोरूमवाले हे कधीच सांगणार नाहीत.’ आठ मुद्दे, आठ-दहा जोडलेले हात आणि खाली ‘जनहितार्थ’. मामांनी तो वहीत उतरवून घेतला होता, म्हणून चिडून का होईना, उत्तर द्यायला बसलोय. क्रमाने जाणार नाही. पंधरा हजार ज्या मुद्द्यापायी गेले, तिथूनच सुरू करतो.

मुद्दा चौथा : ‘महाराष्ट्रात रोड टॅक्स जास्त आहे. पुद्दुचेरीत पासिंग करा, भाडेकराराची सोय एजंट करतो.’

पहिलं वाक्य खरं आहे. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला आपल्याकडे 11 टक्के कर लागतो. मामांची गाडी एक्स-शोरूम, म्हणजे रोड टॅक्स आणि विमा धरण्याआधी, नऊ लाखांची. त्यावर कर 99 हजार. आकडा बघून घशाला कोरड पडते हे मान्य. पण मोटार वाहन कायदा 1988 एकदा उघडून बघा, इंग्रजी जड वाटलं तरी ही तीन कलमं समजतात. कलम 40 म्हणतं, नोंदणी जिथे मालक राहतो किंवा जिथे त्याचा धंदा आहे आणि गाडी सहसा उभी असते, तिथल्या राज्यात करायची. मामा राहतात कराडात, गाडी उभी राहणार कराडात. कलम 47 म्हणतं, एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. म्हणजे तिकडून एनओसी (ना हरकत दाखला) आणा, इथला कर भरा आणि तिकडे भरलेला परत मागायला तिकडच्या खिडकीवर अर्ज करा. आणि कलम 55 प्रमाणे खोट्या कागदांवर मिळवलेली नोंदणी रद्द होऊ शकते. ‘भाडेकराराची सोय’ म्हणजे दुसरं काय? ज्या घराचा उंबरा मामांनी पाहिला नाही, तिथे आपण राहतो असं सहीनिशी लिहून देणं. आयुष्यभर पोरांच्या खोट्या सह्या पकडणारा माणूस, वयाच्या पासष्टाव्या वर्षी त्याच्याकडून हे करून घेणार!

आणि गंमत म्हणजे हा गुपचूप खपणारा प्रकारही नाही. केरळमध्ये 2017 साली याच पुद्दुचेरी पासिंगवरून नट-नट्यांपर्यंत गुन्हे दाखल झाले होते. तिथे सिनेमावाल्यांची गय झाली नाही, मग पीवाय, म्हणजे पुद्दुचेरीच्या, नंबरची गाडी रोज कराडजवळच्या तासवडे टोलनाक्यावरून नेणाऱ्या निवृत्त गुरुजींची कोण करणार?

(‘मग बीएच नंबर घ्या’, म्हणजे राज्य बदललं तरी न बदलणारा ‘भारत’ मालिकेतला नंबर, असं सांगणारे शहाणेही आहेत. तो सरकारी आणि संरक्षण दलातल्या नोकरदारांना मिळतो, नाहीतर चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना. मामांना नाही.)

मुद्दा पाचवा : ‘गाडी कंपनीच्या नावावर घ्या, जीएसटी पूर्ण परत मिळतो.’

दीड लाखाचा आकडा बहुधा इथूनच आलाय. सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाडीवर 18 टक्के जीएसटी आहे. नऊ लाखांच्या गाडीत तो साधारण एक लाख सदतीस हजार होतो, त्याला फुगवून दीड लाख. पण सीजीएसटी कायद्याच्या कलम 17(5) मध्ये चालक धरून तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी गाड्यांवरचं क्रेडिट, म्हणजे भरलेला जीएसटी वळता करून घेण्याची सोय, सरळ अडवलेलं आहे. गाड्या विकणारे, प्रवासी वाहतूक करणारे आणि ड्रायव्हिंग स्कूलवाले तेवढे सुटतात. तुमची किराणा मालाची कंपनी असेल तर एक रुपया परत येणार नाही. उलट महाराष्ट्रात कंपनीच्या नावाने गाडी घेतली की रोड टॅक्स 20 टक्के. म्हणजे 99 हजारांच्या जागी एक लाख ऐंशी हजार. हा मुद्दा ऐकून कोणी सी.ए.ला न विचारता कंपनीच्या नावाने बिल फाडलं, तर ‘दीड लाख वाचवा’ म्हणता म्हणता ऐंशी हजार वर जातील. हो, धंद्यासाठी वापरलेल्या गाडीवर आयकरात घसारा मिळतो, म्हणजे गाडीची दरवर्षी घटणारी किंमत खर्चात धरता येते, तेवढं खरं. पण घसारा म्हणजे जीएसटी नव्हे.

दुसरा आणि सहावा मुद्दा एकत्रच घेऊ, कारण लिहिणाऱ्यानेच एकदा वाचून पाहिलं नाही. दुसऱ्यात म्हणतो ‘सगळे पैसे रोख द्या, जास्त सूट मिळते’ आणि सहाव्यात म्हणतो ‘लोनच घ्या, जास्त सूट मिळते’. ठरव बाबा एकदा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणाऱ्याला तेवढाच दंड, हा नियम 2017 पासून आहे, त्यामुळे धड शोरूम रोख घेणारच नाही. लोनवर कधीकधी सूट मिळते हे खरं, कारण बँकेकडून डीलरला कमिशन सुटतं. फक्त व्याज ‘फ्लॅट’ (शेवटपर्यंत मूळ रकमेवर) की ‘रिड्युसिंग’ (उरलेल्या रकमेवर) ते विचारा. पाच लाखांवर पाच वर्षं सहा टक्के फ्लॅट म्हणजे दीड लाख व्याज, हप्ता 10,833. रिड्युसिंगने मोजलंत तर तो दर पावणेअकराच्याही वर जातो. सूट मिळाली वीस हजार, गेले किती ते बघा.

‘31 डिसेंबरलाच घ्या’ : अर्धं खरं. जुन्या वर्षाचा स्टॉक काढायला सूट असते, पण आरसीवर (नोंदणीच्या कागदावर) उत्पादनाचा महिना-वर्ष छापलेला असतो आणि विकताना समोरचा तेच आधी वाचतो. घासाघीस करायचीच तर पितृपक्षात जा. शोरूम ओस असतं, सेल्समन चहा पाजतो. पाडव्याला-दसऱ्याला त्याला तुमच्याकडे बघायला वेळ नसतो.

‘हँडलिंग चार्जेसवर (गाडी आणण्या-ठेवण्याच्या नावाने शोरूम बिलात लावतं ती रक्कम) सुप्रीम कोर्टाची बंदी’ : कुठला खटला, कुठली तारीख, काही नाही. कोर्टाचं नाव न घेताही ती रक्कम खोडायला सांगता येते. सांगा.

राहिला विमा. ‘बाहेरून घ्या’, असं मेसेज म्हणतो. नाइलाजाने कबूल करतो, हे बरोबर आहे. शोरूममधूनच घ्या अशी सक्ती करता येत नाही. फक्त सूट कुठे मिळते ते त्याने सांगितलं नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीचा) घ्यावाच लागतो आणि त्याचा दर सरकारने ठरवलेला असतो. 2022 च्या दरपत्रकात 1000 ते 1500 सीसीच्या गाडीला 10,640 रुपये आहेत, विमा कंपनी कुठलीही असो. खाली येतो तो ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, हप्ता. बाहेरचं कोटेशन मोबाइलवर दाखवलं की शोरूमचं कोटेशनही आपोआप उतरतं.

आठवा मुद्दा ‘हा मेसेज दहा जणांना पाठवा’ हा आहे. त्यावर काय बोलायचं?

काल रात्री मामांना हे सगळं वाचून दाखवलं. थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “मग ते पंधरा हजार?” एजंट म्हणतोय ‘प्रोसेस सुरू झालीय’. मामांनी शोरूमचं कोटेशन मात्र फोटो काढून पाठवलंय. त्यात हँडलिंग साडेसात हजार, टेफ्लॉन कोटिंग सहा हजार आणि ‘ॲक्सेसरीज किट’ चोवीस हजार, ज्यात मडफ्लॅप आणि एक देव्हाऱ्यासारखं परफ्यूमचं स्टँड आहे. यातल्या एकाही ओळीबद्दल त्या मेसेजमध्ये कायद्याने टिकणारं चकार वाक्य नाही. शनिवारी कराडला जातोय, लाल पेन घेऊन.