तबकडी अण्णा

माझ्या वडिलांना आमच्या पेठेत पाच-सहा वर्षं 'तबकडी अण्णा' म्हणायचे. तोंडावर कुणी नाही. पण शाळेत पोरं मला 'तबकडीचा' म्हणायची, त्यामुळे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं.

आज हे लिहायचं कारण म्हणजे परवा आमच्या जुळे सोलापूरच्या ग्रुपवर एकाने आकाशातल्या उजेडाचा व्हिडिओ टाकला. सरळ रेषेत चाललेले पंचवीस-तीस ठिपके. स्टारलिंकचे उपग्रह होते, आता बऱ्याच जणांना ते माहीत झालंय. पण खाली नेहमीची रांग लागली. एक म्हणतो मिलिटरीला कळवा. दुसरा म्हणतो मिलिटरीला सगळं माहीतच असतं, सांगत नाहीत. तिसरा म्हणतो, का बे, कुठली घेतली होतीस? हा तिसरा मला चांगला ओळखीचा आहे. म्हणजे तोच माणूस नव्हे, त्याचं वाक्य ओळखीचं आहे.

अण्णा पेपर टाकायचे. पहाटे साडेतीनला उठून सायकलवर जायचं, गठ्ठे सोडायचे, पुरवण्या घालायच्या आणि उजाडायच्या आत दीडशे दारं गाठायची. गोष्ट १९८७ किंवा ८८ ची. गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची संक्रांतीची जत्रा, उठून आठ-दहा दिवस झाले होते, थंडी होती. रस्त्यावरचे दिवे अजून जळत होते आणि पूर्वेला जरा कुठं फटफटत होतं. अक्कलकोट रोडच्या बाजूला त्यांना वर काहीतरी दिसलं. आधी तांबूस, मग पिवळट, आणि बघता बघता चांदीसारखं पांढरंशुभ्र. हलत नव्हतं, लुकलुकत नव्हतं, आवाज नव्हता. केवढं होतं, असं विचारलं की अण्णा हात लांब करून चिमूट दाखवायचे. "मोहरीपेक्षा लहान, खसखशीपेक्षा मोठं. आणि गोल. चांदणीला आकार नसतो, ह्याला होता."

लोक म्हणाले, शुक्र असेल. आता मला सांगा, जो माणूस वर्षातले साडेतीनशे दिवस पहाटेच्या अंधारात सायकल मारतो, त्याला शुक्राची चांदणी कळत नाही होय? शुक्र कुठल्या महिन्यात कुठल्या वाड्याच्या कौलावर असतो हे त्यांना पाठ होतं. आमच्या घरात घड्याळ नीट चालायचं नाही, पण शुक्र चालायचा.

पेपर टाकून झाल्यावर ते चौकीत गेले. कुठल्या ते लिहीत नाही, तिथली माणसंही आता नसतील. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की लिहून घ्या, विमानाचं काही असलं तर उपयोगी पडेल. हवालदार हसले. म्हणाले, "वर काय चोरीला गेलंय का अण्णा? मग कशाची नोंद करू?" दुसरा म्हणाला, रात्रीची उतरली नाही वाटतं. अण्णा माळकरी. गळ्यातली माळ शर्टाच्या बाहेर काढून दाखवली म्हणे त्यांनी. त्यावर अजून हसले.

तिथं कुणीतरी वार्ताहर बसला होता. तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर चौकट आली, 'पेपरवाल्याला दिसले परग्रहवासी!' अण्णांनी परग्रह हा शब्द उच्चारलासुद्धा नव्हता. 'काहीतरी होतं, काय ते कळत नाही' एवढंच ते म्हणाले होते. आणि ती चौकट त्यांनी स्वतःच्या हाताने दीडशे दारांत टाकली. एकही घर चुकवलं नाही. आई म्हणाली होती, आजच्या दिवस नका जाऊ. ते म्हणाले, "लोकांनी महिन्याचे पैसे दिलेत."

नंतर पेठेत बातमी उठली की मिलिटरीची माणसं येऊन अण्णांची चौकशी करून गेली. सफारी घातलेला, काळा चष्मा, हातात ब्रीफकेस. माणूस आला होता खरा. तो एका मासिकाच्या वर्गणीचा एजंट होता, कमिशनचं बोलायला आलेला. पण मिलिटरीची गोष्ट इतकी चांगली होती की कुणी सोडायला तयार नव्हतं. मला वाटतं अण्णांनाही ती आतून आवडली असावी. कुणीतरी वही घेऊन यावं आणि विचारावं, हीच तर त्यांची इच्छा होती.

म्हणून मोठा झाल्यावर मी ह्या विषयावरचं सापडेल ते वाचत गेलो. परग्रहवासी आहेत की नाहीत ह्यात मला फार रस नाही. साध्या माणसाने काही पाहिलं आणि सरकारला सांगितलं, तर सरकार त्या माणसाचं काय करतं, एवढंच मला बघायचं होतं.

सुरुवात होते केनेथ अरनॉल्डपासून. आग विझवायची उपकरणं विकणारा माणूस, स्वतःचं छोटं विमान उडवायचा. २४ जून १९४७ ला अमेरिकेत माउंट रेनिअरजवळ त्याला नऊ चकचकीत वस्तू वेगाने जाताना दिसल्या. ह्या गड्याने काय करावं? विमानातल्या घड्याळावर वेळ मोजली. एका डोंगरापासून दुसऱ्या डोंगरापर्यंत १०२ सेकंद. त्यावरून वेग काढला. पाण्यावर बशी भिरकावल्यावर ती जशी टप्पे घेत जाते तशा त्या चालत होत्या, असं तो म्हणाला, तर पेपरवाल्यांनी वस्तूच बशी करून टाकली. तिथून 'उडती तबकडी' आली. म्हणजे तिकडेही चौकट आतल्या पानावरच्या माणसानेच रचली.

जुलैत लष्कराच्या गुप्तवार्ता विभागाचे दोन अधिकारी त्याला भेटायला गेले. त्यांनी अहवालात लिहिलं की ह्या माणसाने जे पाहिलं म्हणून सांगितलं ते त्याने खरंच पाहिलं, असं आमचं मत आहे. हे वाचलं तेव्हा मी थांबलो होतो. कारण पुढं हवाई दलाच्या फायलीत त्याच घटनेवर शेरा पडला : मृगजळ. समोर बसून ऐकणारा माणूस एक लिहितो आणि टेबलावरचा शिक्का दुसरं बोलतो. आपल्याकडे तलाठ्याचा पंचनामा आणि तहसीलचा आदेश ज्यांनी पाहिलाय त्यांना हे नवीन नाही.

ह्या फायलींचं मोठं काम म्हणजे प्रोजेक्ट ब्लू बुक. ओहायोतल्या राइट-पॅटरसन हवाई तळावर १९५२ पासून १९६९ पर्यंत चाललं. आधीच्या दोन प्रकल्पांच्या नोंदी धरून एकूण १२,६१८ घटना, त्यातल्या ७०१ चा उलगडा झाला नाही. लोक ७०१ वर उड्या मारतात. मला बाकीच्या जवळजवळ बारा हजारांबद्दल जास्त वाटतं. त्यात फुगे होते, ग्रह होते, उल्का होत्या, विमानं होती. आणि विमानांमध्ये एक विमान असं होतं की त्याची गोष्ट वाचून मला अण्णांच्या वतीने राग आला.

१९५५ मध्ये यू-२ हे हेरगिरीचं विमान उडायला लागलं. साठ हजार फुटांच्या वर. तेव्हाची प्रवासी विमानं ह्याच्या निम्म्या उंचीवरही नसायची. सूर्य बुडाल्यावर खाली अंधार पडलेला असायचा आणि एवढ्या वर अजून ऊन असायचं. विमानाचं अंग चांदीसारखं. त्यामुळे खालच्या माणसाला वर जळता ठिपका दिसायचा. लोकांनी प्रामाणिकपणे पत्रं लिहिली. सीआयएच्या इतिहासकाराने १९९७ मध्ये लिहिलंय की ब्लू बुकवाले ह्या तक्रारी यू-२ च्या उड्डाणांच्या नोंदींशी ताडून बघायचे, जुळलं की त्यांना कळायचं, पण पत्र लिहिणाऱ्याला खरं कारण सांगता यायचं नाही. मग बर्फाचे कण, हवेचे थर असली उत्तरं जायची.

म्हणजे माणूस खरं बोलत होता. चौकशी करणाऱ्याला ठाऊक होतं की तो खरं बोलतोय. आणि तरी त्याला पत्र गेलं की तुमच्या डोळ्यांची चूक झाली. गुपित राखायचं होतं, मान्य. देशाची कामं असतात. पण 'आम्ही सांगू शकत नाही' हे चार शब्द आहेतच की.

ब्रिटनच्या संरक्षण खात्याने २००९ मध्ये असला विभागच बंद केला. कारण काय दिलं, तर पन्नासहून जास्त वर्षांत एकाही घटनेत देशाला धोका आढळला नाही. बरोबर आहे. लष्कराचा प्रश्न तेवढाच असतो : धोका आहे का? नसला तर फाईल बंद. त्यांना दोष देत नाही मी, त्यांचं काम ते. आपल्या इंफाळलाही १९ नोव्हेंबर २०२३ ला विमानतळावर काहीतरी दिसलं, हवाई हद्द बंद झाली, हवाई दलाने आपली यंत्रणा हलवली आणि नंतर सांगितलं की ती लहान वस्तू पुन्हा दिसली नाही. लष्कराच्या बाजूने विषय पुरा झाला. खालून बघणाऱ्या माणसाचा पुरा होत नाही. त्याला 'काय होतं ते' पाहिजे असतं.

पण लष्कराची बाजू घेऊन एक सांगतो, कारण ह्या गोष्टीची आपल्याकडे नुसती टिंगल झाली. लडाखमध्ये ऑगस्ट २०१२ पासून फेब्रुवारी २०१३ पर्यंत आपल्या जवानांनी सरोवरावर दिसणारे उजेड ३२९ वेळा टिपून ठेवले. चीनचे ड्रोन असतील असा संशय. शेवटी बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना विचारलं. निघाले गुरू आणि शुक्र. जगभर हसं झालं, मीसुद्धा हसलो. नंतर वाटलं, अरे, पण ह्यांनी ३२९ वेळा लिहिलं ना! एवढ्या उंचीवर, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, एवढ्या वेळा लिहून ठेवलं म्हणून कुणालातरी ताडून बघता आलं. आमच्या चौकीत एकदाही लिहिलं गेलं नाही.

आणि पोलिसांनी मनावर घेतलं तर काय होतं तेही आपल्याच राज्यात घडलंय. २०२२ च्या गुढीपाडव्याला, २ एप्रिलला संध्याकाळी विदर्भ-मराठवाड्यात आकाशातून जळते गोळे गेले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात आठ-दहा फूट व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. ते पोलीस ठाण्यात नेऊन ठेवलं, इस्रोचे लोक बघायला आले. चिनी रॉकेटचे अवशेष, चांग झेंग ३बी. तिथल्या माणसांना कुणी 'उतरली नाही का' विचारलं नसेल. कडं दाखवायला होतं ना त्यांच्याकडे. अण्णांकडे नुसती चिमूट होती.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. काही वर्षांपूर्वी पेपरात एक छोटी सूचना वाचली. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं फुगे सोडायचं केंद्र आहे. पॉलिथिनचे पातळ, हायड्रोजन भरलेले फुगे. ५० ते ८५ मीटर व्यासाचे, म्हणजे आमची अख्खी चाळ आत मावेल. रात्री आठपासून सकाळी साडेसहापर्यंत सोडतात, ३० ते ४२ किलोमीटर उंच जातात आणि खालची उपकरणं रंगीत पॅराशूटने हैदराबादपासून २०० ते ३५० किलोमीटरवर उतरतात. कुठं उतरू शकतात त्या जिल्ह्यांची यादी होती. त्यात सोलापूर.

मी दोनदा वाचलं. मग कागदावर आकडेमोड केली. पस्तीस किलोमीटर उंचीवरच्या वस्तूवर आपल्या सूर्योदयाच्या पंचवीस-तीस मिनिटं आधी ऊन पडतं. पहिलं ऊन तांबडं. मग पिवळं. मग पांढरं. आणि एवढा मोठा फुगा तेवढ्या लांबून, हात लांब करून धरलेल्या कशाएवढा दिसेल? मोहरीपेक्षा लहान, खसखशीपेक्षा मोठा.

अण्णा आता एक्याऐंशी वर्षांचे आहेत. मी कात्रण घेऊन गेलो, मोठ्याने वाचून दाखवलं. वाटलं, डोळ्यांत पाणी वगैरे येईल. तसलं काही झालं नाही. शेंगा सोलत बसले होते, सोलायचं थांबवलं नाही. मला म्हणाले, "म्हणजे हेच होतं असं तू ठरवलंस?"

"जुळतंय ना सगळं, अण्णा."

"जुळणं वेगळं. त्यांच्याकडे वही असंल ना? त्या दिवशी सोडला होता का नव्हता, ते लिहिलेलं असंल. विचार की."

कुठला दिवस, असं मी विचारलं तर लगेच म्हणाले, गुरुवार. त्या दिवशी पुरवणी होती, गठ्ठा जड होता, म्हणून सायकल भिंतीला टेकवून उभा होतो, नाहीतर वर बघायला कुणाला वेळ होता. मी कॅलेंडर काढलं, गड्ड्याच्या तारखा बघितल्या. दोन वर्षांतले दोन गुरुवार निघाले. मग पत्र लिहायला घेतलं. ईमेल करतो म्हणालो, तर म्हणाले मेल कर, पण कागदावर पण पाठव.

दिशा पूर्व, किंचित दक्षिणेकडे कललेली. उंची, हात लांब करून क्षितिजापासून चार मुठी. रंगाचा क्रम. आवाज नाही. वेळ मी सहा पस्तीस लिहिली, कारण लहानपणापासून तेच ऐकत आलो होतो.

अण्णा चष्मा लावून वाकले. "पस्तीस नको. साडेसहा ते सहा पस्तीसच्या मध्ये, असं लिही. ते घड्याळ तेव्हा दोन-तीन मिनिटं पुढं असायचं."